लहानूजीच्या कॅसेटवरचं भाषण

सोहळ्याचं नाव होतं 'व्हिडिओ कलावंत गौरव सोहळा', आणि अख्ख्या दिवसात त्यात एकही व्हिडिओ दाखवला गेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कुणी म्हणायला नको की घाईगडबडीत राहून गेलं असेल. घाईगडबड कसली? शाली चाळीस होत्या, चाळीसच्या चाळीस पांघरून झाल्या. हार कमी पडले तर बाजारात माणूस पळवला. नेमक्या फिल्मच तेवढ्या राहिल्या.

छाया नाचणगावची. पुलगावात तिचं शूटिंगचं दुकान होतं आणि आठ वर्षांपासून ती लग्नाची कामं घ्यायची. हळदीला बायकांच्या घोळक्यात पुरुष कॅमेरावाला नको म्हणून पहिल्यांदा तिला बोलावलं गेलं, मग काम बरं दिसलं म्हणून बोलावणी येत राहिली. तो जडशीळ व्हीएचएस कॅमेरा घेऊन घेऊन तिचा उजवा खांदा थोडा खाली उतरला होता. लोक कौतुकानं म्हणायचे, बाई असून कॅमेरा धरते. कॅमेऱ्यातून काय काढते, हे कुणी विचारत नसे, आणि त्याचाच तिला संताप यायचा. ती तशीही चिडकीच होती. शांत राहून कुणाचं भलं झालंय, असं ती म्हणायची.

लग्नाच्या कामातून वेळ काढून तिनं एक फिल्म केली होती. हिंगणीचे लहानूजी कास्तकार माणूस, पण उन्हाळ्यात शेतातली कामं सरली की अंगणातल्या निंबाखाली बसून लाकडी बैल करायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गावातली लेकरं ते बैल सजवून मिरवायची. एका अखंड ओंडक्याचा बैल. कुठं खिळा नाही, कुठं सांधा नाही. छाया दीड महिना हिंगणीला जात राहिली. एक ओंडका धरून त्यातून आधी वशिंड निघालं, मग मान, मग पाय, इथपर्यंत तिनं काढलं. लहानूजी बोलत नसत. नुसते हात आणि पटाशीचा ठकठक आवाज. फिल्म झाली अठ्ठावीस मिनिटांची. नागपूरचा मिक्सिंगवाला म्हणाला, ताई, रिकामं रिकामं वाटते, मागं एखादं गाणं टाकून देऊ. छाया म्हणाली, आवाजाला हात लावशील तर बघ.

दिवाळीनंतर लहानूजींना ताप आला आणि चार दिवसांत ते गेले.

तेराव्याला छाया गेली तेव्हा सुमित्राबाई, म्हणजे लहानूजींची बायको, तिला चुलीपाशी घेऊन बसली. "मले एकडाव दाखवजो वो ते," ती म्हणाली. "भितीवर फोटू हाय त्याचा, लग्नातला, टोपी घातलेला. तो मानूस कोन व्हय, मलेच समजत नाई. माहा बुढा तसा नव्हता."

छायानं शब्द दिला. फेब्रुवारीत वर्धेला कार्यक्रम आहे, तिथं मोठ्या टीव्हीवर दाखवते, म्हणाली.

आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागते. लग्नाचं कच्चं शूटिंग कुणी जपून ठेवत नाही. मिक्सिंग होऊन कॅसेट गिऱ्हाइकाच्या घरी गेली की कच्च्या कॅसेटवर पुढचं लग्न चढतं. सगळे असंच करतात. छायानंही लहानूजींच्या कच्च्या कॅसेटांवर त्याच सीझनला तीन लग्नं काढली होती. राहिली ती तयार फिल्मची एकुलती एक कॅसेट. कॉपी पुढच्या नागपूरच्या फेरीत करायची होती. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचा एक बारका दात असतो. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. छायानं तो आठवणीनं मोडला होता, आणि वर ठळक अक्षरांत 'लहानूजी' असं लिहिलं होतं. पण मोडलेल्या दाताच्या खाचेवर सेलोटेप चिकटवली की कॅसेट परत रेकॉर्डिंगला तयार होते, हेही या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

सोहळा ज्यांनी घडवला ते भैय्याजी वर्धेतले कापडाचे व्यापारी आणि कला मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, डोकं फिरवणारी गोष्ट तीच. स्वतः पुलगावला दुकानात आले होते. चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही लोकं खेड्यापाड्यात पडून राह्यले, तुमच्याकडे पाहते कोन? आता मंडळ तुमच्या पाठीशी हाय. तुमची फिल्म मुंबईपर्यंत नेतो मी." पाठीशी राहायची भारी हौस त्यांना, आणि फोटोत मात्र नेमके सगळ्यांच्या पुढं. पण आठ वर्षांत छायाच्या दुकानात येऊन फिल्म हा शब्द उच्चारणारा तो पहिला माणूस होता. ती भुलली. कुणीही भुललं असतं.

सोहळ्याच्या सकाळी तिनं कॅसेट भैय्याजींच्या हातात दिली. "एकच हाय," ती म्हणाली. "बिलकुल चिंता करू नका," ते म्हणाले आणि ती टीव्हीशेजारच्या टेबलावर ठेवली. सुमित्राबाई हिंगणीहून सकाळच्या एसटीनं आली होती. ठेवणीतलं लुगडं नेसून ती मागच्या रांगेत बसली, आणि समोरच्या बंद टीव्हीकडे पाहत राहिली.

साडेदहाचा कार्यक्रम बाराला सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक. मग प्रमुख पाहुणे बोलले, ग्रामीण कलावंताच्या उपेक्षेवर, आणि मग सत्कार. कलावंत सहा होते. बाकीच्या चौतीस शाली मंडपवाल्यापासून प्रमुख पाहुण्यांच्या साडूपर्यंत वाटल्या गेल्या. छायाचं नाव अगदी शेवटी आलं. ती स्टेजवर गेली, शाल घेतली, कॅमेऱ्याकडे बघा म्हणाले तेव्हा कॅमेऱ्याकडे बघून हसली. मंडळाचा शूटिंगवाला निकेश समोर उभा होता. टाळ्या पडल्या. शेवटी भैय्याजींनी माईक घेतला आणि सांगितलं की वेळेअभावी फिल्म आज दाखवता येत नाहीत, त्याबद्दल मंडळ दिलगीर आहे, भोजनाची व्यवस्था मागच्या अंगणात आहे.

सभागृह दोन मिनिटांत रिकामं झालं. सुमित्राबाई उठली नाही.

"संपलं का वो?" तिनं विचारलं.

"नाई संपलं," छाया म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण म्हातारीपुढं तिनं आवाज खाली ठेवला. "काकू, तुम्ही पुढं या. आपन दोघीच पाहू."

कॅसेट टेबलावर नव्हती. निकेशच्या बॅगेवर ठेवलेली सापडली. छायानं ती व्हीसीआरमध्ये घातली, सुरुवातीला आणली आणि म्हातारीसाठी खुर्ची ओढली. टीव्हीवर हार आला. हारामागं समई आली, समईमागं भैय्याजी. मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण, आणि मग शाली सुरू झाल्या.

"हे कोन व्हय?" सुमित्राबाईनं विचारलं.

छायाचं बोट बटणावर होतं. ती कॅसेट फॉरवर्ड करत होती. शाली भराभर पडत गेल्या, पाहुण्यांचे हात वर-खाली झाले, आणि शेवटी खुद्द ती स्वतः दिसली, खांद्यावर शाल, दात दाखवून हसताना. चोविसाव्या मिनिटाला चित्र फाटलं आणि लहानूजी आले. मान खाली, हातात पटाशी. चार मिनिटं उरली होती. तिनं लगेच कॅसेट थांबवून बाहेर काढली आणि उलटी करून पाहिली. खाचेवर सेलोटेप होती. कात्रीनं नीट कापून चिकटवलेली.

कुणाच्या हातून चुकून झालं असतं तर ती रडली असती. पण कुणीतरी बसून कात्री शोधली होती.

निकेश जिन्यात भेटला. तिच्या हातातली कॅसेट पाहून त्याचं तोंड उतरलं. "ताई, माही कॅसेट मधातच भरली. भाषन, सत्कार, सारं सुटलं असतं. मी म्हटलं भैय्याजीले, याच्यावर नाव लिहेल हाय. ते म्हने, घरचीच कॅसेट हाय, लाव. मंग त्याइनंच सेलोटेप देली."

"माही शालबी याच्यावरच काढली?"

"हो. त्याच्या आंधी पाहुन्याइचं भाषन, तेबी..."

भैय्याजी अंगणात पंगतीतून फिरत होते, हातात बुंदीचं ताट. छायानं कॅसेट त्यांच्या ताटासमोर धरली आणि काय झालं ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. भैय्याजींना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण ते कसं वाटलं बघा.

"अरे रे. ताई, दुसरी काढून घ्या ना. बैलच तर होता."

"करनारा मेला, भैय्याजी."

"तो गेला, पन दुसरे असतीलच ना बैल करनारे? मंडळ खर्च करते. नवा कॅमेरा पाह्यजे तर बोलतो मी पाहुन्याइशी. तुमच्यासारख्याइसाठीच तर करून राह्यलो हे सारं." आणि मग, आवाज हळू करून, "तेवढी कॅसेट सांभाळजा मात्र. पाहुन्याइनं भाषनाची कॉपी मांगतली हाय. उद्याच द्या लागते."

छायानं कॅसेट मागं घेतली. या माणसावर ओरडून उपयोग नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. त्याला ऐकूच येत नव्हतं. त्याच्या लेखी फिल्म म्हणजे सोहळ्याला लागणारी एक वस्तू होती, समईसारखी.

ती सभागृहात परत आली. निकेशचा कॅमेरा स्टँडवरच होता. तिनं तीच कॅसेट, सेलोटेपसकट, त्यात घातली आणि सुरुवातीला नेली. म्हातारीची खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली.

"काकू, लहानूजी पुसले या लोकाइनं," तिनं सरळ सांगून टाकलं. "चार मिनिटं हायेत शेवटची. बाकीच्यावर भाषन हाय. त्या भाषनावर आता तुम्ही बोला."

"मी काय बोलू?"

"तोंडात येईल ते."

भैय्याजी धावत दारात आले. मागून निकेश. "ताई, काय करून राह्यल्या तुम्ही? त्यात पाहुन्याइचं भाषन हाय." छायानं त्यांच्याकडे न बघता लाल बटण दाबलं आणि मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहिली. भैय्याजी पुढं सरकले. निकेशनं त्यांची बाही धरली. त्यानं एवढं केलं, हे त्याच्या नावावर जमा धरावं.

सुमित्राबाईनं आधी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग तिला राग आला, आणि राग आल्यावर शब्द आले.

"बुढ्यानं जलमभर लोकाइच्या लेकराले बैल देल्ले. घरचं दार तीन वर्सापासून लागत नाई. मी रोज म्हनो, बापा, त्या दाराले एक फळी ठोक. लावतो, म्हने. पोळा होऊ दे, म्हने. तीन पोळे झाले. आता थंडी सुटली तं कुत्रं येऊन बसते चुलीपाशी, अन् मी एकटी त्याले हाकलतो. हे का जायचं वय होतं? काऊन गेला, सांगून नाई गेला." मग तिनं मान वळवली आणि दारातल्या भैय्याजींकडे पाहून तिथूनच विचारलं, "अन् तुम्ही भाऊ, त्या पोरीले शाल देल्ली. शाल हाय तिच्या खांद्यावर. माहा मानूस कोठी हाय?"

भैय्याजींनी हातातलं ताट खिडकीत ठेवलं. म्हातारी थांबली नाही. तेवीस मिनिटं ती बोलली. दाराबद्दल, लाकडाबद्दल, लहानूजी वासरागत हट्टी होता त्याबद्दल. छायाचा डोळा घड्याळावर होता. लहानूजी सुरू व्हायला अर्धं मिनिट बाकी असताना तिनं परत बटण दाबून कॅमेरा थांबवला. त्याहून जवळ जायची तिची छाती झाली नाही. एक सेकंद जास्त झाला असता तर लहानूजींच्या हातांवरच गेला असता.

मग तिनं कॅसेट व्हीसीआरवर लावली. आधी सुमित्राबाई आली, खिडकीच्या उजेडात, चिडलेली. ती बोलायची थांबली आणि त्या उरलेल्या अर्ध्या मिनिटात छाया दिसली, शाल पांघरून हसताना. छायानं दुसरीकडे पाहिलं नाही. हे आता असंच राहणार होतं. मग चित्र फाटलं आणि लहानूजी आले, पटाशी, ठकठक.

सुमित्राबाई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. "पाह्यलं का?" ती म्हणाली. "मी इतकी बोलली, अन् यानं मान वर नाई केली." चार मिनिटं सरली. टीव्हीवर मुंग्या आल्या तरी ती तिथंच उभी होती.

छायानं कॅसेट काढली. खाचेवरची सेलोटेप नखानं ओरबाडून फेकली.

"काकू, याची नागपूरले कॉपी काढते. मंग आनून देते तुम्हाले."

सुमित्राबाईनं हात पुढं केला. "दे इकडं."

"तुमच्याकडे कुठं व्हीसीआर हाय? टीव्हीबी नाई."

"नसू दे," म्हातारी म्हणाली. "पन तुम्हा लोकाइपाशी नाई ठेवत मी त्याले आता."

तुम्हा लोकाइपाशी. त्यात भैय्याजी होते, निकेश होता आणि छायाही होती. लहानूजींच्या कच्च्या कॅसेटांवर तीन लग्नं तिनं स्वतःच्या हातांनी चढवली होती.

तिनं कॅसेट दिली. सुमित्राबाईनं ती लुगड्याच्या ओच्यात बांधली आणि हिंगणीची एसटी गाठायला पायऱ्या उतरू लागली.