चार कोपरे तिचे, बाकी मी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी शीट आहे. ताडपत्री नव्हे हं! ताडपत्री ती दुसरी. तिचं नाव पुढे येईलच, कारण तिला टाळून माझी गोष्ट सांगताच येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नव्या इमारतीच्या भिंतींना बाहेरून गुंडाळून बसायचं, पाऊस आत येऊ द्यायचा नाही, भिंतीतला दमटपणा मात्र बाहेर जाऊ द्यायचा, हे आमचं काम. मग वरून फळ्या ठोकतात आणि आम्ही कायमच्या झाकल्या जातो. माझ्या सगळ्या बहिणी हैदराबादच्या एका इमारतीत अशाच गडप झाल्या. मी रोलच्या शेवटी उरलेला तुकडा. तिथे गवंडीकाम करणाऱ्या शामनं मुकादमाला विचारून मला पिशवीत घातलं आणि फुलसावंगीजवळच्या आपल्या तांड्यावर आणलं.

आणलं ते त्याच्या आईसाठी, जमनीबाईसाठी. घरात सगळे तिला याडी म्हणतात. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडीच म्हणतात.

याडी दरवर्षी रामनवमीला पोहरादेवीला पायी जाते. चार दिवसांची वाट. पहाटे चालायचं आणि ऊन चढलं की झाडाखाली कापडाचं पाल बांधून पडायचं. आपलं सामान आपणच न्यायचं, हा तिचा हट्ट. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेल्यांची ती नात. ती म्हणते, "आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देल्लं, तं त्याले पायी जाणं म्हनत नाई."

पण मी आले त्या वर्षी तिची कंबर धरली. पुसदच्या डॉक्टरांनी बजावलं, तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही. घरच्यांनी जीपचं नाव काढलं आणि याडीनं जेवणाच्या ताटाकडे पाठ फिरवली. तिच्या ओझ्यात एकटी ताडपत्रीच सात किलोंची होती. म्हणून तर शामनं मला आणलं.

तर ही ती! जाड, खाकी, ठिगळांनी भरलेली, चार कोपऱ्यांना पितळेच्या कड्या. याडीचे यजमान प्रेमसिंग यांनी ती ऊसतोडीला जाताना घेतली होती. शाम तिच्याखाली जन्मला. प्रेमसिंग गेले तेव्हा याडी तिच्यावरच बसून होती म्हणे. पावसाळ्यात ती सोयाबीनच्या गंजीवर, चैतात पोहरादेवीच्या वाटेवर. आल्यागेल्याला याडी कौतुकानं सांगायची, "हे मायी थोरली लेक." एका कापडाला लेक! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, मित्रांनो. मी अर्ध्या किलोचीसुद्धा नव्हते, मला पाऊस लागत नव्हता, आणि तिच्या अंगाला तर कुबट वास यायचा.

शामनं मला अंगणात पसरलं. याडी माझ्यावर आडवी झाली, कूस वळली, आणि मी केवढ्यानं करकरले! शेजारी शामची बहीण जया तिच्या सात महिन्यांच्या खुशीला थोपटत होती. ती पोर दचकून उठली आणि तिनं टाहो फोडला.

"वो बाप्पा!" याडी उठून बसली. "हे का कागद घेऊन झोपू काय मी? काढ हे. मायी हाये ते बरी हाये."

मी कागद! आणि कोपऱ्यात घडी होऊन पडलेली ती मात्र 'मायी'. त्या घडीकडे पाहून माझा जीव जळत होता. शाम हिरमुसून दुसऱ्या दिवशी हैदराबादला परत गेला.

पण जया चिवट. कडक कापड इस्त्रीनं सरळ होतं, तर हेही होईल, असं तिला वाटलं. तिनं गरम इस्त्री माझ्या एका कोपऱ्यावर टेकवली. काय सांगू! निखाऱ्यावरच्या पापडासारखा माझा कोपरा आक्रसला आणि कडक गोळा झाला. जया घाबरून शामला फोन लावून बसली.

"अगं, तिले गरम चालत नाई," तो पलीकडून ओरडला. "साध्या पान्यात तुडव. आन् धुन्याची पावडर टाकू नको, नाई तं पानी आरपार जाईल."

मग सुरू झालं माझं तुडवणं. हातपंपाच्या ओट्यावर गोधड्या धुतात, तसं. जया आणि शेजारची मानीबाई पदर खोचून माझ्यावर उभ्या राहिल्या. तुडवलं, चोळामोळा केला, दोन्ही टोकांना धरून पिळलं, सावलीत वाळवलं, पुन्हा भिजवलं. तीन दिवस हेच. माझ्या अंगावर कारखान्याची निळी अक्षरं होती, तीही पुसली गेली. नावगाव गेलं माझं. पण ती करकर कमी कमी होत गेली, आणि चौथ्या दिवशी मला हातात घेतलं की मी जुन्या धोतरासारखी खाली लोंबू लागले.

जयानं खुशीला माझ्यावर निजवलं. पोर एकदा कूस वळली, दोनदा वळली, आणि झोपलेलीच राहिली. याडी दारातून पाहत होती.

"हे पोरगी उठली नाई," ती म्हणाली, "तं मी कायले उठीन?"

जिंकले! मला वाटलं, आता थोरली बसेल घरी आणि मी जाईन वाटेला. पण मला बांधायचं कसं? दोरी लावली की माझी कड फाटे. एक कोपरा तर इस्त्रीनं गेलेलाच. कड्या हव्या होत्या, पितळेच्या, जाड कापडात बसवलेल्या.

 जयानं ताडपत्रीकडे पाहिलं. याडीनंही पाहिलं. मग ती स्वतः कात्री घेऊन बसली.

"याडी, राहू दे ना," जया म्हणाली. "बाजारातून आनू कड्या."

"बाजारच्या कड्या वाऱ्यात टिकत नाई वो. हे तुया बापानं बसवल्या हायेत."

तिनं चारही कोपरे कापले.  शेवटचा कोपरा सुटला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते ताडपत्रीवर पडलं. माझी नावनिशाणी पुसली गेली, माझा कोपरा जळला, तेव्हा कोणी टिपूसही गाळलं नव्हतं. जया माझ्या अंगाला ती खाकी ठिगळं शिवत होती आणि मला सुईपेक्षा तेच जास्त टोचत होतं. हिला घरी ठेवून जायचं होतं मला, आणि ही चारही बाजूंनी येऊन मलाच चिकटली!

याडी पायीच निघाली, सोबत मानीबाई आणि तांड्यावरची माणसं. खांद्यावरच्या झोळीत मी, एक लुगडं आणि भाकरी. सगळं मिळून अडीच किलो. दिग्रसच्या पुढे, दुपारी, आम्ही निंबाखाली पाल बांधलं होतं. अचानक धुळीची वावटळ उठली, मागून टपोऱ्या थेंबांचा अवकाळी पाऊस आला. शेजारची दोन पालं उडाली. मी गच्च फुगले, दोऱ्या ताणल्या गेल्या, माझी शिवण कुरकुरली. पण त्या चार कड्यांनी दोरी सोडली नाही. कबूल करते, त्यांच्याविना मी तेव्हाच पलीकडच्या तुरीच्या वावरात जाऊन पडले असते. याडीच्या अंगावर थेंब आला नाही.

पाऊस थांबल्यावर मानीबाई मला चाचपून म्हणाली, "वो माय, कागदावानी होती हे. केवढी कामाची निंगाली!" मी हरखले. मग याडी मला दोऱ्यांतून सोडवून, खाली पसरून आडवी झाली. आता तरी माझ्यावरून हात फिरेल, म्हणून मी वाट पाहिली. तिचा हात फिरला. सरकत सरकत कोपऱ्याकडे गेला आणि तिच्या अंगठ्यानं ती पितळी कडी चाचपली. तशीच कडी धरून ती झोपली. एवढी तुडवून मऊ झाले मी, आणि तिला झोप लागली त्या खरबरीत ठिगळाला धरून!

त्याला आता दोन वर्षं झाली. कोपरे नसलेली थोरली अजून घरी खुशीच्या खाली अंथरली जाते. मी खुंटीवरून पाहते आणि अजूनही जळते. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू निकामी झाली म्हणून फेकू नका, तिच्या एखाद्या कोपऱ्यावर कोणाचं पाल टिकेल. आणि आम्हा नव्यांनाही घाईनं इस्त्री लावू नका. साध्या पाण्यात, धीरानं तुडवा, आम्ही मऊ होतो. झालंच तर अधूनमधून आमच्यावरूनही हात फिरवा.

परवाच्या चैतात, पोहरादेवीच्या वाटेवर, भर दुपारी याडी अशीच कडी धरून पडली होती. उन्हाची तिरीप कडीवर आली, कडी तापली, आणि झोपेतच तिनं हात काढून माझ्यावर ठेवला. कडी तापली होती म्हणून ठेवला, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी ती उठेपर्यंत मी जराही करकरले नाही.