द्रोझ्दांच्या पिंपावरचा दगड

मित्रांनो, शेवटी भरल्या सभागृहात, सत्तर माणसांच्या देखत, माशाच्या लोणच्याच्या पाण्याने हे सिद्ध झालं की मी पोलंडचा नाही. पण ते आपण सोडून देऊ. तसं काही झालंच नाही असं समजू.

मी एक जुना दगड आहे आणि मी पोलंडहून आलो आहे. सान नदीच्या काठी एका खेड्यात माझा जन्म झाला. तिथे द्रोझ्द घराण्याच्या तीन पिढ्यांचा कोबी मी दाबला. पिंपात चिरलेला कोबी आणि मीठ, वर लाकडी झाकण, आणि झाकणावर मी. मी बसलो की कोबीला पाणी सुटतं, तो आंबतो आणि घर हिवाळाभर जेवतं. नुसतं बसून एवढं कौतुक मिळवणारा त्या घरात दुसरा कोणी नव्हता. बसणारे होते, पण त्यांना कौतुक नव्हतं.

ही झाली माझी अधिकृत हकिगत. घरात सगळ्यांना ती पाठ होती. पण तुम्ही लहान आहात, तुमच्याशी खोटं बोलणं बरं नाही. म्हणून आता खरी सांगतो. रोझालियाने ती मला तळघरात इतक्या वेळा सांगितली आहे, की मी तिथे हजर असल्यासारखी मला दिसते.

वालेंती द्रोझ्द आधी एकटाच शिकागोला आला आणि कत्तलखान्यात कामाला लागला. तो इकडे असताना तिकडे त्याची आई गेली. त्याला मातीलाही जाता आलं नाही. मग त्याने बायकोला, म्हणजे रोझालियाला, पत्र लिहिलं. "रूझ्या, पोरीला घेऊन ये. पिसांची दुलई राहिली तरी चालेल, पण आईचा कोबीवरचा दगड तेवढा आण. दगड इथेही आहेत, पण कोणाच्या घरचे आहेत काही कळत नाही."

रोझालियाने तो दगड शालीत बांधला. तीस पौंडांचा दगड एका खांद्यावर आणि दोन वर्षांची मार्च्याना दुसऱ्यावर. बंदरावर पोचेपर्यंत पोर आजारी पडली. जहाजावर चढायच्या रांगेत तिला दोन्ही हातांनी धरल्याशिवाय इलाज नव्हता. रोझालियाने दगड एका बाकाखाली ठेवला, वर रुमाल घातला, आणि मागे न बघता निघून गेली. तो आमचा थोरला अजून तिथेच असेल. मला त्याच्याबद्दल आदर आहे. आमची ओळख नाही.

आता माझा जन्म. मी शिकागोत, रुळांच्या कडेला, खडीच्या ढिगाजवळ पडून होतो. काहीही करत नव्हतो आणि त्यात चांगली प्रगती होती. इतक्यात गाडीतून कडेवर पोर घेतलेली एक बाई उतरली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मला उचललं आणि शालीत गुंडाळलं. तीन मिनिटांनी वालेंती धावत आला. त्याने शाल उघडली, मला छातीशी धरलं आणि बायकोच्या आधी माझा मुका घेतला. मी अवघडलो. मग तो असा रडला, की हमालसुद्धा टोप्या काढून उभे राहिले. रोझालियाने खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते एक्केचाळीस वर्षं मिटलेलंच राहिलं.

मित्रांनो, काय सुखाची वर्षं होती ती! ऑक्टोबर आला की अंगणात कोबीचा डोंगर उभा राहायचा. बाया चिरायला बसायच्या, कोणीतरी अकॉर्डियन काढायचं, आणि पाय धुऊन मार्च्याना पिंपात उतरायची. कोबी पायांनीच तुडवायचा असतो, आणि तोही तालावर. पुढे मार्च्यानाची मुलगी इर्का उतरू लागली.

"पाय धुतलेस का गं?" शेजारची पेलागिया दरवर्षी विचारायची.

"तुझ्या तोंडापेक्षा स्वच्छ आहेत," रोझालिया दरवर्षी सांगायची.

पेलागियाही सान नदीकडचीच, त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता. "काय गं, तुमचा कोबी आंबट म्हणून होत नाही. लहान बाळाला भरवावा असा लागतो."

"आमच्याकडे असाच असतो. सासूबाईंची रीत आहे."

मग सगळे वालेंतीकडे बघायचे. तो घास घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अगदी आईच्या हातचा." रोझालिया शालीआड सुस्कारा सोडायची आणि नंतर तळघरात येऊन मला म्हणायची, "मेल्या, तुझं कूळ तुला नि मलाच ठाऊक. तोंड उघडू नकोस."

मी नाही उघडलं. मात्र एक गोष्ट घडत होती. मी झाकणावर पूर्वीसारखा भरत नव्हतो. वालेंतीने मोजमाप केलं आणि ठरवलं की पिंप वाढतंय. लाकूड आहे, वाढणारच, असं सगळ्यांचं मत पडलं. दोनदा पिंप बदललं. नवीनही वाढलं.

एक्केचाळिसाव्या वर्षी चर्चचा सुवर्णमहोत्सव आला. प्रत्येक घराने चर्चच्या सभागृहात गावाकडची एकेक वस्तू मांडायची होती. पेलागियाने पिसांची दुलई मांडली. द्रोझ्दांनी मला घासूनपुसून लेसच्या रुमालावर बसवलं आणि पुढे पाटी लावली : 'सान नदीचा दगड. रोझालिया द्रोझ्द यांनी १९१२ साली आणला.' रोझालियाला ती पाटी नको होती. पण नको का, हे सांगता येत नव्हतं.

इर्का तेव्हा कॉलेजात दगडांचाच अभ्यास करत होती. तिने मला प्रथमच उजेडात पाहिलं. माझ्या पोटावर शिंपल्याचा एक ठसा आहे, तो तिला दिसला.

"थांब हं, आजी," असं म्हणून तिने शेजारच्या ताटातल्या हेरिंग माशाचं आंबट पाणी माझ्यावर ओतलं. मला फेस आला.

"चुनखडी!" इर्का ओरडली. "अहो, असले शिंपले इथल्याच खडकात सापडतात, हा तर इथलाच दगड! सानकाठचा असूच शकत नाही! आणि आजी, म्हणूनच आपला कोबी आंबट होत नाही! कोबीचा आंबटपणा या दगडाला खातो, आणि आपण चाळीस वर्षं दगड खातोय!"

पोरीला इतका आनंद झाला होता की टाळ्या पडतील असं तिला वाटलं. पेलागियाने आपली दुलई उगीचच थोपटली.

रोझालिया पुढे आली. "वालेक," ती म्हणाली, "मला तुला काही..."

"थांब, काटा आहे," वालेंती म्हणाला. त्याने सावकाश दातातून माशाचा काटा काढला, ताटाच्या कडेला ठेवला. "आईचा दगड काळा होता. कोळशासारखा. हा पांढरा आहे."

"तुला माहीत होतं?"

"मी कत्तलखान्यात कामाला होतो गं, आंधळा नव्हतो."

"मग रडलास कशाला एवढा?"

"आईसाठी. तोवर रडायला जमलंच नव्हतं. हातात जड काहीतरी आलं आणि जमलं." त्याने हात पुसले. "पोर तुझ्या कडेवर होती. एक खांदा खाली गेला होता तुझा. म्हटलं, दोन्हींतलं एकच आणता आलंय हिला. बरोबर तेच आणलंय."

सभागृहाच्या मागच्या बाजूने त्रेचाळीस वर्षांची, चांगली धष्टपुष्ट मार्च्याना म्हणाली, "म्हणजे मी की दगड, असं होतं का ते?"

"तेव्हा तू हलकी होतीस," रोझालिया म्हणाली आणि डोळ्यांना पाणी असतानाच हसत सुटली.

"आणि कोबी?" पेलागियाने सोडलं नाही. "आईच्या हातचा, आईच्या हातचा, ते काय होतं?"

"आईचा कोबी महाभयंकर आंबट व्हायचा," वालेंती म्हणाला. "आम्ही नाक दाबून खायचो. रूझ्याचा चांगला लागतो. पण बाहेरच्या माणसांपुढे आईचं नाव घ्यावं लागतं."

त्यावर जे हसू फुटलं, त्यात फादरांच्या हातातली कॉफी सांडली. मग त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. "आता इथे काय लिहायचं?"

वालेंतीने 'सान नदीचा' हे शब्द खोडले. बाकीचं तसंच ठेवलं.

मित्रांनो, मला पुन्हा पिंपावर बसवलं. दगडालाही काळजी लागते, हे तुम्ही ध्यानात ठेवा. माझ्यापुरता मी पुढील अर्ज करत आहे.

प्रति, जनगणना खाते. विषय : नातेवाईक म्हणून नोंद होणेबाबत. महोदय, अर्जदाराचे वजन रुजू होतेवेळी तीस पौंड होते, आज एकोणीस आहे. उर्वरित अकरा पौंड श्री. वालेंती यांचे गुडघे, श्रीमती रोझालिया यांचे शिल्लक दात, मार्च्याना यांची कंबर व कु. इर्का यांचे डोके यांत जमा आहेत. सबब अर्जदारास सदर कुटुंबाचा रक्ताचा, निदान हाडाचा, नातेवाईक म्हणून नोंदवावे. जन्मस्थळाचा रकाना रोझालिया यांना विचारून भरावा व त्या जे सांगतील ते पुराव्याविना ग्राह्य धरावे. कोबी संपल्यावर अर्जदारास साध्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवण्याचे आदेश व्हावेत. माशाचे पाणी वापरू नये. कळावे.