चौथ्या टेबलावरच्या सहा चादरी

ओली चादर कोरडीपेक्षा फार जड असते. ढगाळ आठवड्यात ती घरभर टांगलेली असते आणि घरातली माणसं एकमेकांशी चादरीआडून बोलतात.

*

एका प्रसूतिगृहाच्या फाटकापाशी पूर्वी एक म्हातारा पुड्या विकायचा. पुडीत दळलेली साखर असायची.

*

"फाईललाही तहान लागते, बरं का. माणसासारखीच."

*

गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेचा वरचा हॉल. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते. 'पुढे रस्ता बंद' या तक्त्याखाली एक खुर्ची, खुर्चीवर नवाकोरा टॉवेल.

*

सरकारी खिडकीवर एखादी गोष्ट फुकट मिळाली की माणसाला वाटतं, यात काहीतरी गोम आहे. त्याच गोष्टीचे कुणी पैसे मागितले की त्याचा जीव भांड्यात पडतो.

*

तर त्या टॉवेलावर दर बुधवारी संध्याकाळी अनुदानगुरू बसत. दाढी नाही, कफनी नाही. कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. काळ बदलला की चमत्काराचा गणवेशही बदलतो. हॉल खच्चून भरायचा. जिन्यात चपलांचा असा ढीग पडायचा की खालच्या शाळेतले शिकाऊ चालक गाडीच्या आधी चपला चुकवायला शिकत.

"सरकारकडे पैसा नुसता पडून सडतोय," गुरू डोळे मिटून सांगत. "घ्यायला माणूस नाही, म्हणून साहेबलोक रडकुंडीला आलेत. धंदा काढा, मिळेल. धंदा बुडवा, तरी मिळेल. कर्ज फेडायचंय? त्यालाही मिळेल. फक्त फाईल हलली पाहिजे. आणि फाईल कुणाचं ऐकते?"

"तुमचं," हॉल म्हणे.

"माझं नाही. माझ्या हाताचं." आणि ते उजवा हात वर करत. हात अगदी साधा होता, अंगठ्याला शाई लागलेला.

पद्धत अशी. आपल्या अर्जाची पोचपावती लिफाफ्यात घालायची, लिफाफा चिकटवायचा आणि सेवाशुल्कासह गुरूंच्या पुढ्यात ठेवायचा. गुरू लिफाफा उघडत नसत. दुसऱ्याचा कागद वाचणं त्यांना पाप वाटे. ते नुसता हात ठेवत आणि इथे खुर्चीत बसून तिथे कार्यालयात फाईल कुठे अडकली आहे ते सांगत. दुसरं टेबल, तिसरं टेबल, कपाटाचा खालचा खण. मग हात जरा दाबत. त्याला 'धक्का' म्हणत.

आणि खरा चमत्कार पुढेच होता. अर्ज नामंजूर झाला, तर गुरू सगळं शुल्क परत देत. भर हॉलमध्ये, दोन्ही हातांनी. "ताई, माझा हात कमी पडला," म्हणत. केक करून विकणारी एक बाई पैसे परत मिळाल्यावर इतकी गहिवरली होती की तिने तिथल्या तिथे दुसरा अर्ज करायचं ठरवलं. एका टायरवाल्याचा अर्ज मंजूर झाला होता. तो दर बुधवारी पहिल्या रांगेत बसे आणि कुणी न विचारताही सांगे, "माझी फाईल मेलेली होती. या साहेबांनी उठवली."

दुसऱ्या रांगेत लॉन्ड्रीवाली वहिनी होती.

तिला सगळे वहिनीच म्हणत, कारण तिची नणंद पलीकडच्या रस्त्यावर दवाखाना चालवत होती आणि नणंदेने हाक मारली की ती चार दुकानांत ऐकू जाई. लॉन्ड्रीचं सगळं पोट दोन गिऱ्हाइकांवर होतं: नणंदेचा दवाखाना आणि कोपऱ्यावरचं हॉटेल. हॉटेलच्या व्यवस्थापकाने परवाच गोड आवाजात सांगितलं होतं, "चादरींना कुबट वास येतोय. महिनाभर बघतो, नाहीतर दुसरी लॉन्ड्री बघतो." म्हणून कपडे वाळवायचं मोठं मशीन हवं होतं. म्हणून अनुदानाचा अर्ज. आणि अर्ज देऊन बरेच दिवस झाले, काहीच कळेना, म्हणून गुरू.

गेल्या बुधवारी गुरूंनी तिच्या लिफाफ्यावर हात ठेवला होता. "चौथं टेबल. साहेबाने पेन उचललंय, पण मन होत नाहीये त्याचं. वहिनी, मशीन अजून घेतलं नाहीत ना?"

"नाही. अनुदान आलं की घेणार."

"तिथेच चुकता. पैसा मशीनच्या मागोमाग येतो. रिकाम्या कोपऱ्याकडे कशाला येईल? येत्या आठवड्यात मशीन आणा."

वहिनीने लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडायचं ठरवलं.

नणंद धुतलेले कोट न्यायला आली तेव्हा ही बातमी तिला मिळाली. घरात दोऱ्यांवर चादरी टांगलेल्या, वहिनी एकीकडे, नणंद दुसरीकडे, आणि नवरा नक्की कुठे ते कुणालाच दिसत नव्हतं.

"वहिनी, तू पावतीची मागची बाजू वाचलीस?"

"मागचं कोण वाचतं?"

"मी वाचलंय. मंजुरीच्या आधी केलेली खरेदी अनुदानाला पात्र नाही. सरळ लिहिलंय. तू आज मशीन आणलंस, तर अर्ज मंजूर व्हायचा तोही बाद."

"ते सगळ्यांसाठी असतं. गुरूसाहेबांची आत ओळख आहे."

"ओळख आहे म्हणून तारीख बदलते?"

"वन्सं," वहिनी म्हणाली. ती चिडली की नणंदेला 'वन्सं' म्हणायची, एरवी नुसतं 'डॉक्टरीणबाई'. "तुम्हाला शिकल्यामुळे सगळेच चोर दिसतात. चोर पैसे परत देतो का कधी? मला एक तरी चोर दाखवा."

चादरीमागून नवरा म्हणाला, "ते मात्र खरंय."

"दादा, तू चादरी वाळव," नणंद म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "वहिनी, एक बुधवार थांब. मी तुझ्याबरोबर येते. तुझ्या साहेबाने माझ्या फाईलचं नीट सांगितलं, तर तुझ्या मशीनचे पैसे मी देते. ठेवीला हात लावू नकोस."

वहिनीला हा सौदा फारच बरा वाटला.

बुधवारी नणंदेने लिफाफा आणि शुल्क पुढे ठेवलं. गुरूंनी विचारलं, "कशासाठी आहे?"

"दवाखान्याचं आहे," नणंद म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

हात लिफाफ्यावर आला. हॉलने श्वास रोखला. गुरूंच्या कपाळावर आठ्या पडल्या, भुवया वर गेल्या, एक भुवई खाली आली.

"मोठं काम आहे. चौथ्या टेबलापर्यंत पोचलंय. तहानलेलं आहे. पण शुद्ध हेतूचं आहे. एक जाड गृहस्थ आडवा येतोय. धक्का देतो." दिला. "झालं. दोन आठवड्यांत गोड बातमी."

"उघडू का?" नणंदेने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लिफाफा फाडला. आतला कागद तिने टायरवाल्याच्या हातात दिला. "वाचा हो जरा मोठ्याने."

टायरवाल्याने चष्मा लावला. "सहा चादरी," तो वाचू लागला. "चार अभ्रे. एका चादरीवर आयोडीनचा डाग, निघेल याची हमी नाही."

दुसऱ्या रांगेतून वहिनीला आपलंच अक्षर ओळखू आलं. लॉन्ड्रीची पावती होती.

मग लोक चमत्कार वाचवायला धावले. श्रद्धेचं एक बरं असतं, ती पडली तर उचलायला दहा माणसं लागलीच येतात. कुणी म्हणालं, मनात संशय ठेवून दिलेला लिफाफा हात कसा वाचेल. कुणी म्हणालं, सहा चादरी म्हणजे खुणेची भाषा असेल, चादर म्हणजे पांघरूण, पांघरूण म्हणजे संरक्षण. गुरूंनी या दुसऱ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं.

वहिनी उठली. तिचे कान लाल झाले होते. "साहेब, मला एकच सांगा. मंजुरीच्या आधी मशीन घेतलं तर त्याचं बिल चालतं?"

"चालतं काय, धावतं."

वहिनीने आपल्या पोचपावतीची मागची बाजू वाचायला घेतली. सातवी अट तिने सावकाश वाचली, जणू गिऱ्हाइकाला डाग दाखवत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "तुमची आत ओळख आहे ना? मग हे ठाऊक नाही? हे तर बाहेरच छापलंय."

"नियम असतात सामान्यांना..."

"तुम्ही त्या कार्यालयात गेला आहात कधी?" नणंदेने विचारलं. "मी काल जाऊन आले. तिथे फाईली नाहीत. अर्ज संगणकात असतात. तहान कुणाला लागते, माऊसला?"

मागून कुणीतरी हसलं, आणि मग ते हसू आवरेना.

केकवाली मात्र हसली नाही. "पण डॉक्टर, माझे पैसे परत केले त्यांनी. पूर्ण. फसवणारा असं करतो?"

"फसवणारा तेच करतो," नणंद म्हणाली. "मी शिकत होते त्या प्रसूतिगृहाबाहेर एक म्हातारा बसायचा. मुलगा होण्याची पुडी विकायचा. मुलगी झाली तर पैसे परत. आणि द्यायचाही, हात जोडून. लोक म्हणायचे, देवमाणूस. आता बघा, दहा बायकांनी पुडी घेतली. पाचेक जणींना मुलगा होणारच होता, साखर खाऊन किंवा न खाऊन. त्यांचे पैसे खिशात. बाकीच्यांचे परत. त्याचं नुकसान काय? साखरेचं. इथे तर साखरही लागत नाही."

टायरवाला पुटपुटला, "पण माझी फाईल..."

"तुमचा अर्ज कुणी भरला होता?"

"मीच. चार वेळा तपासून. सगळे दाखले जोडले होते."

"म्हणून मंजूर झाला. तुमची मेहनत, आणि बक्षीस यांनी घेतलं."

टायरवाल्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला.

"तरी पटत नसेल," नणंद हॉलकडे वळली, "तर उद्यापासून माझ्याकडे या. निम्म्या शुल्कात. मी तुमचा लिफाफा खणात टाकीन आणि काहीही करणार नाही. काम झालं नाही तर पैसे परत. वर्षभराने दोघांचे निकाल शेजारी ठेवा. फरक दिसला तर माझी पाटी उतरवीन."

गुरूंनी पाण्याचा ग्लास उचलला, रिकामा होता, परत ठेवला. मग ते म्हणाले की आज वातावरण दूषित झालं आहे, आणि टॉवेल घडी करून निघाले. नणंदेने शुल्क परत मागितलं. ते त्यांनी दिलं, या वेळी एकाच हाताने.

गोष्ट इथे संपली असती तर बरं दिसलं असतं. पण पुढच्या बुधवारी हॉल अर्धा भरला होता. पूर्ण रिकामा नाही, अर्धा. आयोडीनचा डाग असाच असतो.

वहिनीने ठेव मोडली नाही. हॉटेलच्या व्यवस्थापकाकडून तिने आणखी मुदत मागून घेतली, भांडून. यथावकाश मंजुरी आली, मागितलं होतं त्याच्या निम्मी. तेवढेही पैसे हातात पडायला आधी मशीन घ्यावं लागलं, बिल दाखवावं लागलं, तपासायला आलेल्या माणसापुढे ते चालवावं लागलं. उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढलं, ते ती अजून फेडते आहे. यात चमत्कार कुठेच नाही. अनुदान असंच मिळतं: कमी, उशिरा, अटींसकट, आणि पुष्कळदा मिळतही नाही. मिळालं नाही तर कारण विचारा, लेखी मागा, पुन्हा अर्ज करा. पावतीची मागची बाजू वाचा. आणि कुणी तुमचं यश स्वतःच्या हाताने घडवलं म्हणून सांगू लागला, तर आधी विचारा की त्या हाताविना किती जणांचं झालं.

वहिनीने अर्ज दिला त्या दिवशी खिडकीवरच्या बाईंना विचारलं होतं, "आता कुणाला भेटायचं?" बाई म्हणाल्या होत्या, "कुणालाच नाही. घरी जा, आम्ही कळवू."