पाच नंबरच्या भट्टीला मारलेली हाक

"भट्टीतला एक काढ, चांदणी मध्ये धर, खोलीला हात नको लावू, उद्गाराने शेवट कर."

मा आडनावाच्या मुकादमांचा हा आवाज. त्यांनी हे शिकवलं त्याला अकरा वर्षं झाली. सिगारेटींनी खरवडलेला, पण जात्यावर बसल्यासारखा एका लयीत चालणारा. मुकादम निवृत्त होऊन समुद्रकाठच्या लेकीकडे राहायला गेले, तरी त्यांचा आवाज त्यांच्या जागी बसलेल्या प्यो उनशिलच्या बोटांत राहिला.

डोंगराच्या कुशीतल्या त्या दाहगृहात भट्ट्या आठ, पण आकडे नऊपर्यंत. चार नंबरची भट्टी नाहीच, कारण तिथल्या बोलीत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार एकच. असल्या जागी कुणाच्या आईबापाला चारात घालायचं, असं कुणाला सोसेल? भट्ट्यांची चित्रं खोल्यांत पोचवणाऱ्या यंत्राला मात्र असली भीती नव्हती. ते भिंतीतल्या कपाटासारखं उभं होतं. त्यात कार्डं सरकवायची, कार्डांत कॅमेऱ्यांच्या तारा खोचायच्या. ते आपलं सरळ मोजायचं, एक, दोन, तीन, चार. म्हणून पाच नंबरच्या भट्टीचा कॅमेरा यंत्राच्या लेखी चौथा आणि सहाचा पाचवा. नातेवाइकांच्या खोल्या तीनच, तिथे घोटाळा नव्हता. सहाच्या भट्टीचं चित्र दोन नंबरच्या खोलीत दाखवायचं, तर उनशिल टाइप करायची ५*२! शेवटचं उद्गारचिन्ह पडलं की खोलीतला पडदा उजळायचा आणि तिच्या कानावरच्या हेडफोनमध्ये रडणं सुरू व्हायचं.

अकरा वर्षं ते रडणं तिने पावसासारखं ऐकलं. छपरावर पडतो, आत येत नाही.

त्या मंगळवारी सकाळी एक कार्ड जळालं. कंपनीचा माणूस आला, त्याने तेवढंच कार्ड ओढून काढलं, नवं सरकवलं, तारा पुन्हा खोचल्या. जाता जाता हसून म्हणाला, "ताई, तुमचं डोकं हलकं केलंय बघा. चौथी जागा मोकळीच सोडली. आता भट्टीचा आकडा तोच कॅमेऱ्याचा. वजाबाकी बंद!"

"बरं झालं," उनशिल म्हणाली. खरंच बरं झालं होतं. तिने कागदावर लिहूनही ठेवलं.

साडेदहाला सहा नंबरमध्ये सॉ बोकसून नावाच्या म्हातारबाई जायच्या होत्या. दोन नंबरच्या खोलीत त्यांचा मुलगा हाम गिथे, सून, दोन नातवंडं, सगळे काळ्या कपड्यांत. त्याच वेळी पाच नंबरमध्ये मेंग छांगो, वय एकाहत्तर. त्याचं कुणीच आलं नव्हतं. एका खोलीत एकट्याने मेला, पालिकेने आणला.

उनशिलची बोटं चालली. ५*२!

पडदा उजळला. देवदाराची पेटी रुळावरून सरकत आली. पेट्या सगळ्या सारख्याच, आणि भट्टीचा आकडा दाराच्या वर, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या जागी. कुटुंब दोनदा जमिनीला कपाळ टेकून उठलं. मग मुलगा ओरडला, आगीआधी आत्म्याला बाहेर बोलवायला सगळेच ओरडतात तसा, पण आवाज फुटेपर्यंत, "आई, आग येतेय! बाहेर ये! आई गं, लवकर बाहेर ये!"

दार मिटलं.

तेवढ्यात भट्ट्या सांभाळणाऱ्या गुकचा तिकडून आवाज आला. "काय गं उनशिल, पाचवरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा कसा लागलाय? त्याला बघायला कोण आलंय?"

तिने पडद्याकडे पाहिलं. यंत्राने निमूट उत्तर लिहिलं होतं, कॅमेरा ५, खोली २. अकरा वर्षं हे उत्तर बरोबर होतं.

"सहा?" तिने विचारलं.

"सहाही पेटली. जोडीनंच घातली दोन्ही."

मग गुक हळूच म्हणाला, "तोंड शिवून ठेव. बिचाऱ्या मेंगला फुकटात एक लेक मिळाला. कुणाचं काय बिघडलं?"

जेवायच्या सुट्टीत उनशिलने लाल तिखट रस्सा भातावर घेतला. तिखट लागलं नाही. घरी गेली, भांडी घासली, झोपली. सकाळी उठून पुन्हा आली. पाचला ५, सहाला ६. आकडे आता सरळ होते. बोटं बरोबर चालायची. कानात रडणं यायचं, जायचं. फक्त अधूनमधून तिला वाटायचं, आपले हात कोपरापर्यंतच आपले आहेत.

एकदा गुकने तिच्या टेबलावर कॉफीचा कागदी पेला ठेवला. "अशी काय भुतासारखी बसतेस? भुतं तिकडे माझ्या वाट्याला आहेत. माझा धंदा बुडवू नकोस."

"गुक दादा, त्या बाईंना कुणी हाक मारली नाही," ती म्हणाली.

"परत तेच? पेटी होती गं. पेटीला कान असतात का?"

"मग सगळे कशाला मारतात?"

गुकने कॉफी स्वतःच पिऊन टाकली.

म्हातारबाई गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी हाम गिथे आला. त्याच्या हातात तीळ लावलेल्या तांदळाच्या वड्यांचा डबा होता. "पडद्यावर चित्र दाखवतात ते कोण?" असं विचारत विचारत तो तिच्या दारापर्यंत पोचला. पन्नाशीचा माणूस, गळ्यातली टाय वाकडी.

"ताई, तुम्हीच ना? राहवलं नाही म्हणून आलो. आज एकोणपन्नासावा दिवस, आज आईचा जीव इथली वाट सोडून पुढे जातो. दुपारी विहारात विधी आहे, तिकडेच चाललोय. घ्या, गरम आहेत."

उनशिलने डबा घेतला. खरंच गरम होता.

"आजारपणात शेवटचे चार महिने मी आईकडे फिरकलोच नाही," तो भिंतीकडे पाहत म्हणाला. "कामं. तुम्हाला माहितीय, कामं कशी असतात. बायको रोज बोलायची, लोकं नावं ठेवतील. पण ती हाक तेवढी मारता आली. आगीतून बाहेर बोलावलं तिला. तेवढ्यावर झोप लागते, ताई. तुमचे उपकार आहेत."

तो वाकला, चांगला कमरेपासून.

उनशिलच्या मागे यंत्राचा पंखा घुरघुरत होता. आभार घेतले असते, वडी खाल्ली असती, तर हा माणूस आज रात्रीही झोपला असता. उद्याही. आणि एकोणपन्नास दिवस वाटेवर घुटमळणारी ती म्हातारी आज संध्याकाळी, कुणीच न बोलावता, निघून गेली असती.

"विधी किती वाजता?" तिने विचारलं.

"दोनला. का?"

घड्याळात साडेदहा झाले होते. डबा तिने टेबलावर ठेवला. हातांना ऊब राहिली होती, कोपरांच्याही वरपर्यंत.

"हाम साहेब, बसा जरा." तो बसला नाही. ती उभ्यानेच बोलली. "त्या दिवशी तुम्ही पाहिलीत ती पाच नंबरची भट्टी होती. आत मेंग छांगो नावाचे एक गृहस्थ होते, त्यांना कुणी नव्हतं. तुमची आई सहामध्ये होती. आकडा मी चुकवला. तुमची हाक तिच्यापर्यंत गेली नाही. दोन वाजायला अजून वेळ आहे. आज तिला हाक मारा."