बाळाच्या चाकातलं भोक

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे. पण चुलीतले निखारे ढोसणारी नव्हे आणि लोकर विणणारीही नव्हे. तुमच्याकडचे व्यापारी धान्याच्या पोत्यात पोकळ सळई खुपसून आतले दाणे बघतात ना, तिची मी लांबची मावसबहीण. मी शिरते ती चीजच्या चाकात, म्हणजे चाकासारख्या गोल, जाड लादीत. आत शिरायचं, अर्धं वळायचं आणि करंगळीएवढा तुकडा पोटात घेऊन बाहेर यायचं, हा माझा धर्म. चाकाच्या पोटात काय आहे ते सगळ्यांच्या आधी मला कळतं. सांगता मात्र येत नाही. देवानं पन्हळ दिली, जीभ दिली नाही.

माझा जन्म इंग्लंडातल्या शेफील्डच्या एका भट्टीत झाला. घडवणाऱ्यानं मला इतकं घासलं, की माझ्या पन्हळीत त्याला आपली मिशी दिसायची. पिवळ्या लाकडाची मूठ बसली आणि मी सॉमरसेटच्या पाणथळ कुरणांत, व्हाऊल्स मंडळींच्या घरी आले. पिढ्या गेल्या, मूठ झिजली, मी तिथलीच झाले.

अँब्रोज व्हाऊल्सच्या हातात माझे चांगले दिवस गेले. कोवळी चाकं कापडात गुंडाळायची, वरून चरबी चोळायची, फळीवर ठेवून उलटत राहायची, हे त्या घराचं काम. चाकाला टोचायचं मात्र आयुष्यात दोनदाच. अँब्रोज म्हणायचा, "एकदा बाळसं धरताना, एकदा सासरी निघताना. मधे मधे पोटात बोटं घातली तर माणसाचं पोट बिघडतं, मग चीजचं का बिघडणार नाही?" टोचल्यावर तो तुकडा लगेच तोंडात टाकत नसे. आधी माझी पाठ हुंगायचा. खरा वास पाठीला असतो, मित्रांनो, तुकड्याला नसतो. मग तुकड्याचं टोक मोडून चाखायचा, उरलेला परत भोकात बसवायचा आणि चीजचाच चुरा बोटानं चोळून तोंड असं बुजवायचा, की चाकालासुद्धा कळू नये आपल्याला काही झालं होतं म्हणून.

त्या घरात आणखी एक रीत होती. घरात बाळ येणार असं कळलं की त्या आठवड्यातल्या दुधाचं एक बुटकं, रुंद चाक वेगळ्या साच्यात घालायचं. ते बाळाचं. त्याला मी शिवायचंही नाही. बाळ जन्मलं की ते मधून कापायला सुरुवात करायची. घरचे, शेजारचे, येणारे-जाणारे आतून बाहेर खात जायचे. शेवटी नुसतं सालीचं कडं उरायचं. नाव ठेवायच्या दिवशी चर्चमधून आल्यावर बाळाला त्या कड्यातून पलीकडे द्यायचं, एका हातातून दुसऱ्या हातात. अँब्रोज तसाच गेला होता, त्याची मुलगी हेस्टरही तशीच गेली होती. कड्यातून गेलेलं पोर घराला धरून राहतं, अशी समजूत.

पूर्वी आमची चाकं खाडीपलीकडच्या देशांत जायची, तिथली दुकानं ती हौसेनं मांडायची. मग देशानं मतं दिली आणि त्या शेजाऱ्यांच्या संघातून बाहेर पडायचं ठरवलं. बाहेर पडल्यावर एकेका गाडीमागे इतके कागद आणि इतके शिक्के लागू लागले, की पलीकडच्या दुकानदारांनी हात जोडले. चाकं फळीवर बसून राहिली. चीज गेलं नाही तर गाई ठेवायच्या कशाला, हा प्रश्न रोज सकाळी दुधाच्या बादलीबरोबर घरात येऊ लागला.

तेव्हा नवा शब्द आला: करार. महासागरापलीकडच्या अमेरिकेशी करार होणार, जकात उतरणार, आमचं चीज तिकडे जाणार. हेस्टरच्या नवऱ्यानं, डेनिसनं, तो शब्द उराशी धरला. उत्तम चाकं त्यानं समोरच्या फळीवर वेगळी काढली. तिचं नावच पडलं 'अमेरिकेची फळी'.

आमच्या स्वयंपाकघरात त्या करारावरून काय भांडणं व्हायची म्हणून सांगू! पाव, लोणच्याचा कांदा आणि चहा मांडलेला असायचा. शेजारची व्हेरा कोंबड्या पाळायची. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातला रॉय तिच्यासमोर बसायचा.

"तिकडे कोंबड्या क्लोरीनच्या पाण्यात बुचकळतात म्हणे," व्हेरा म्हणायची. "तसल्या स्वस्त कोंबड्या इकडे आल्या तर माझ्या कोण घेणार?"

"पोहायच्या तलावात तू दर शुक्रवारी क्लोरीनमध्येच बुचकळतेस, व्हेरा. तुला कुठं काय झालंय?"

"मला कुणी ताटात वाढत नाही, रॉय."

"वाढलं तरी शिजायची नाहीस."

सगळे हसायचे. मग रॉय गंभीर व्हायचा. "हे बघा, गाड्या तिकडे जकातीवाचून गेल्या तर माझी कामाची पाळी वाचते. देशाचा फायदाच आहे."

"म्हणजे तू देश, आणि मी कोण? खुराडं?"

"अँब्रोज, तुम्ही सांगा," डेनिस म्हणायचा. "फायदा की तोटा?"

अँब्रोज कांदा चावत म्हणायचा, "चाकाला सालीजवळ टोचलं तर चव वेगळी, मधे टोचलं तर वेगळी. एवढ्या मोठ्या देशाला कुठं टोचून बघू, ते सांग आधी."

मी खुंटीवरून ऐकायचे. मला वाटायचं, माझ्यासारखी एक सळई त्या करारालाही हवी होती. पण तो अजून साच्यातसुद्धा पडला नव्हता.

आणि इथंच घात झाला. करार व्हायच्या आधीच त्याची चव बघायला माणसं येऊ लागली. बँकेतला साहेब आला, वर्तमानपत्राची बाई आली, खासदाराच्या कचेरीतला तरुण आला, व्यापार मंडळाची माणसं आली. प्रत्येकाला अमेरिकेला जाणारं चीज चाखायचं होतं. डेनिस मला उचलायचा आणि त्याच फळीवरच्या त्याच चाकांत खुपसायचा. तुकडा पाहुण्याला, उरलेला अंगठ्यानं आत, बुजवायला वेळ कुणाला? "चला, आता गाई दाखवतो." मी मात्र प्रत्येक भोकातून आत शिरणारी हवा ऐकत राहायचे.

अँब्रोज कुठं होता, विचाराल. आदल्या हिवाळ्यातल्या तापानं त्याच्या नाकातला वासच नेला होता. भाजलेला पाव आणि ओला कुत्रा त्याला सारखेच. म्हणून त्यानं मला जावयाच्या हाती दिलं, आणि देताना आधी पोरीचं डोकं हुंगावं तसं मला नाकाशी धरलं. काही आलं नाही. मग नुसतं पुसलं आणि दिलं. आणि हेस्टर? तिला दिवस गेले होते. एरवी चीजघरातच वाढलेली ती पोर, आता दार उघडलं तरी तिला उमळून यायचं. बाळाचं चाक मात्र तिनं हट्टानं स्वतः घातलं, नाकाला रुमाल बांधून. कडेच्या कापडावर सुईदोऱ्यानं एक चिमणा पक्षी भरला आणि ते सर्वांत उंच फळीवर ठेवलं.

थंडी सरता सरता माझ्या पाठीला एक वास लागू लागला. ओल्या भिंतीचा, बंद पेटीचा. निळ्या बुरशीचा वास तो. हवा लागली की ती भोकातून आत धावते. मी रोज तो पाठीवर घेऊन बाहेर येत होते. पण डेनिस तुकडा खायचा. पाठ हुंगणारं कुणी उरलं नव्हतं.

मग खरोखरच अमेरिकेतला एक मोठा व्यापारी आला. हॉलिस त्याचं नाव. उंच, मऊ बोलणारा, चांगला माणूस. त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही. डेनिसनं मला 'अमेरिकेच्या फळी'वरच्या पहिल्या चाकात घातलं. बाहेर आले तर माझ्या पोटात निळ्या शिरा. दुसऱ्यात घातलं, निळ्या शिरा. तिसऱ्यातही तेच. हॉलिस म्हणाला, "काही लोकांना आवडतं असं. पण माझ्या गिऱ्हाइकांना पांढरं स्वच्छ लागतं." आणि खाली बघत राहिला.

डेनिसची नजर वरच्या फळीकडे गेली.

"ते नाही," अँब्रोज म्हणाला. "ते माझ्या नातवंडाचं आहे."

"विकायचं थोडंच आहे? एक भोक. करंगळीएवढं."

"हेस्टरच्या पोटालाही पाडतोस का रे एक, आत कोण आहे बघायला?"

 डेनिसचा चेहरा रागाचा नव्हता, मित्रांनो. बुडणाऱ्याचा होता. हॉलिस संकोचून म्हणाला, "घरचं काही असेल तर राहू द्या." पण त्याचं विमान संध्याकाळचं होतं, आणि तो परत येईल याचा भरवसा कुणाला होता?

हेस्टर दारात येऊन उभी होती, एक हात पोटावर, एक नाकावर. बाहेर कुरणात गाई हंबरत होत्या. "पाडा," ती म्हणाली. "बाळाला कडं नसलं तरी चालेल, बाबा. गाई नसल्या तर त्याला दाखवू काय आपण?"

मला माघारी फिरता आलं असतं तर फिरले असते. मूठ दुसऱ्याच्या हातात असली की सळईला मत नसतं. पक्ष्याच्या चोचीशेजारून मी आत शिरले. आत कसं होतं सांगू? उन्हातल्या गवतासारखं. कुणी कधी न उघडलेल्या खोलीसारखं.

हॉलिसनं डोळे मिटून चाखलं आणि बराच वेळ उघडले नाहीत. "असलं आमच्याकडे होत नाही," तो म्हणाला. "करार झाला की पहिला फोन तुम्हाला. हा उरलेला तुकडा नेऊ? तिकडच्या लोकांना दाखवतो." डेनिसनं हसून मान डोलावली. तुकडा कागदात गुंडाळला गेला आणि कोटाच्या खिशात बसून महासागर ओलांडून गेला. आमच्या घरातून अमेरिकेला गेलेलं चीज तेवढंच.

पाहुणा गेला. भोकात परत बसवायला तुकडाच नव्हता. अँब्रोज स्टुलावर चढला. खालच्या फळीवरच्या चाकांचा चुरा त्यानं चिमटीत घेतला आणि त्या भोकात हळूहळू भरत राहिला, लहान मुलाच्या जखमेवर औषध लावावं तसा. चुरा निळ्या चाकांचा होता. दिव्याच्या उजेडात म्हाताऱ्या डोळ्यांना त्यातला निळेपणा दिसला नाही, आणि नाक तर गेलेलंच. मी शेजारी पडले होते. मला ठाऊक होतं तो कशाचं बी पेरतोय. मी ओरडले, मित्रांनो. लोखंडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

मुलगी झाली. तिचं नाव ब्रायनी. त्याच सुमारास हॉलिसचा फोन आला. बोलणी थांबली होती. जेव्हा होतील तेव्हाही चीज त्यात असेलसं दिसत नव्हतं. त्याला वाईट वाटत होतं. डेनिसनं फोन ठेवला आणि मेलेल्या माणसाच्या घरून आल्यासारखा हात धूत राहिला.

तरी बाळाचं चाक कापलं गेलं. मधलं चीज गोड निघालं, सगळ्यांनी वाखाणलं. नाव ठेवायच्या दिवशी स्वयंपाकघरात तेवढं कडं उरलं होतं. हेस्टरनं पक्ष्याचं कापड सोडवलं, आणि सालीत एका जागी निळी रेघ आरपार गेलेली दिसली. मी भोक पाडलं होतं त्याच जागी.  रॉयनं सफरचंदाच्या दारूचा पेला खाली ठेवला.

डेनिस एका बाजूला उभा राहिला, हेस्टर दुसऱ्या. अँब्रोजनं कडं उभं धरलं. बाळाचं डोकं आत गेलं, खांदे गेले, आणि कट् असा बारीक आवाज झाला. कडं त्या निळ्या रेघेवर तुटलं. हेस्टर थिजली. तिचे हात मागे येऊ लागले.

"थांबू नकोस," अँब्रोज म्हणाला. त्यानं दोन्ही तुटकी टोकं मुठीत घट्ट आवळली होती. "मी धरलंय. घे पोरीला पलीकडे."

ब्रायनी गेली पलीकडे. डोळेसुद्धा उघडले नाहीत तिनं.

"गेली बाई एकदाची!" व्हेरा डोळे पुसत म्हणाली. "आता तो करार तेवढा अडकलाय."

सगळे हसले. डेनिसही हसला, आणि हसता हसता खुर्चीवर बसून रडला.

पुढं निम्म्या गाई पलीकडच्या गावी गेल्या. त्या दिवशी हेस्टरनं ब्रायनीला कडेवर घेऊन एकेकीचं नाव सांगितलं. उरलेल्या गाईंचं चीज शनिवारच्या बाजारात जातं. नंतर कधीतरी रेडिओवर कसलासा करार झाल्याचं ऐकलं. गाड्यांचं काही, मांसाचं काही. रॉय खूश होता, व्हेरा नव्हती. चीजचं नाव नव्हतं. देशाचा फायदा झाला का? मला विचारू नका. मला देशाच्या पोटात कुणी घातलं नाही. मला एकाच चाकाचं पोट ठाऊक आहे, आणि तिथं मीच भोक पाडलं.

आता मी खुंटीवर असते. पन्हळीत गंज धरू लागलाय, त्यात कुणाची मिशी दिसायची नाही. एवढंच मागणं आहे. जे अजून व्हायचं आहे त्याच्या आशेनं, जे आहे त्याला पुन्हा पुन्हा टोचू नका. टोचावंच लागलं तर आधी सळईची पाठ हुंगा, आणि भोक बुजवल्याशिवाय पाहुण्यांना गाई दाखवायला जाऊ नका.

आणि बुजवूनही तुटलंच, तर? तर मला त्या दिवशीचा अँब्रोज आठवतो. बाळ केव्हाच पाळण्यात झोपलं होतं, चहा निवून गेला होता, पाहुणे आपापल्या टोप्या शोधत होते. म्हातारा तसाच उभा होता, ती दोन टोकं मुठीत धरून. कुणी त्याला सांगितलंच नव्हतं की आता सोडलं तरी चालेल.