ज्याचा नंबर त्याची खुर्ची

माझ्या सलूनमध्ये खुर्ची एकच आणि कायदाही एकच: नंबर म्हणजे नंबर. कुणाला पुढे सोडायचंय? खुशाल सोडा, पण मग तुम्ही शेवटी जायचं. दया करायची ती आपल्या वेळेतून, मागच्यांच्या नाही. मी तर एकदा नवरदेवालाही ताटकळत ठेवलं होतं.

त्या दिवशी साडेनऊला आमचे चिरंजीव धापा टाकत आले. अकराला मुलाखतीला या, असा फोन आत्ताच आला होता. दोन वर्षं घरी बसल्यावरचा पहिलाच. डोक्यावर नुसतं रान माजलेलं आणि पुढे पाच जण.

"बाबा, दहाच मिनिटं."

"बस. सहावा नंबर."

खुर्चीत निवृत्त प्राध्यापक होते, गालभर साबण लावून. "अहो, न्याय म्हणजे सगळ्यांना सारखं, की ज्याची जेवढी गरज तेवढं?"

"सर, बोलू नका, वस्तरा लागेल."

बाकावरचे सगळे एकदम कनवाळू झाले. "घ्या हो पोराला! आमची काही हरकत नाही!"

"वा! मग शेवटी कोण जातंय?"

झालं! एकाला दवाखाना आठवला, एकाला बायको. बाकीच्यांनी पेपरात डोकी खुपसली. मला असा संताप आला म्हणता! त्यांचा की माझा, देव जाणे. पण वर्षानुवर्षं लोकांना थांबवलं आणि आता पोटच्या पोरासाठी नियम वाकवू? कुठल्या तोंडाने?

सव्वादहाला तो उठला. केसांवर पाणी मारलं, माझ्याच कंगव्याने भांग पाडला आणि निघून गेला. मी आरशातून त्याला जाताना बघत राहिलो. हात मात्र चालूच होते.

आणि नोकरी लागली हो! मी दुकानभर मिरवलं, बघा, नियम पाळूनही लागली! प्राध्यापक म्हणाले, "म्हणजे न्याय झाला म्हणायचा."

"झालाच!" मी म्हटलं.

कामावर जायच्या आदल्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. दुपारी तो घरी आला तो केस कापूनच, दुसऱ्या कुठल्या तरी सलूनमधून. मानेवरची ओळ वाकडी, कानामागे एक झुपका तसाच राहिलेला. माझे हात नुसते शिवशिवले.

"ये रे, दोन मिनिटांत सरळ करून देतो."

"राहू दे बाबा," तो अगदी साधेपणाने म्हणाला. "उगाच तुम्हाला माझ्यासाठी वेगळं काही करावं लागेल."