वाकता न येणारे तुकडे

मित्रांनो, मी एक जुना, कमरेत वाकलेला पोलादी आर्म आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून खुर्चीत बसवणारं एक यंत्र असतं. त्याच्या उभ्या खांबातून पुढे आलेला आडवा भाग म्हणजे मी. माझ्या टोकाला कापडी झोळी अडकवायची आणि झोळीत माणूस बसवायचा. निदान बेत तरी तसा होता.

चार मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून माझा जन्म झाला. एका मशीनने मला कापलं, दुसऱ्याने दुमडून पन्हळीसारखा आकार दिला आणि वर्कशॉपमधल्या वेल्डरमामांनी माझे सांधे जोडले. मामा अबोल माणूस. पण काम झाल्यावर त्यांनी माझ्या सांध्यांवरून असा काही अंगठा फिरवला, की मी मनातून फुलून गेलो. त्यालाही कारण होतं. या जातीचं पहिलं यंत्र त्यांच्याच घरी जायचं होतं. त्यांची आई आठ महिने अंथरुणावर होती. मामा आणि मामी तिला दोन्ही बाजूंनी धरून उचलत, आणि उचलताना ती दर वेळी भीतीने डोळे घट्ट मिटून घेई.

मला निळा रंग लावून वरच्या खोलीत ताईंच्या टेबलाजवळ ठेवलं. कुठला भाग किती भार सोसेल, हे कॉम्प्युटरवर तपासणाऱ्या इंजिनिअर म्हणजे या ताई. वयाने मामांच्या लेकीएवढ्या, तरी मामांसकट सगळे त्यांना ताईच म्हणत. येणारा-जाणारा माझ्या पाठीवर थाप मारून जाई. खोटं कशाला बोलू, मला जरा गर्वच झाला होता.

एके सकाळी ताईंच्या पडद्यावर मी स्वतःला पाहिलं आणि थक्क झालो. तो मीच होतो, पण हजारो चिमुकल्या तुकड्यांचा!

मामाही डोळे बारीक करून बघत होते. "एवढे तुकडे कशाला ओ, ताई?"

"अख्ख्या आर्मचं गणित एकदम सुटत नाही, मामा. तुकड्याचं सोपं असतं. प्रत्येकाचे कोपरे शेजाऱ्याला बांधलेले असतात. एकाला ओढ बसली की दुसऱ्याला कळते."

"म्हणजे आमची भावकीच की! एकाला लागलं की सगळे बोंबलतात."

ताई हसल्या आणि त्यांनी एक बटण दाबलं. मी तोवर एक किलोही उचललं नव्हतं, आणि पडद्यावरचा मी पूर्ण भार घेऊन मोकळासुद्धा झालो. जे अजून घडलंच नाही ते ही माणसं आधी बघू शकतात! उत्तर आलं, टोक तीन मिलिमीटर खाली जाईल. अंगभर निळा रंग, म्हणजे धोका कुठेच नाही.

वर्कशॉपचे साहेब खूश झाले. "मामा, उद्याच घेऊन जा घरी."

पण वर्कशॉपची एक रीत होती. ज्याने सांधा जोडला, त्यानेच पहिलं वजन टांगायचं. मामा म्हणाले, "आधी वजन टांगू, साहेब. आई बसायची आहे त्यात."

मला खांबाला जोडलं. वीस वीस किलोची वजनं माझ्या टोकाला चढू लागली. माणसाच्या वजनाच्या दीडपट भार द्यायचा होता. सुरुवातीला मी ऐटीत होतो. शेवटची दोन वजनं चढली आणि माझ्या कमरेतून त्राणच गेलं. टोक किती खाली गेलं ते मोजणारा काटा अकरा मिलिमीटरवर जाऊन थांबला. वजनं काढली तरी मी पूर्ण वर आलो नाही. दोन मिलिमीटरचा बाक कायमचा राहिला.

"वेल्ड कच्चा पडलाय," साहेब म्हणाले.

मामांचा चेहरा उतरला. ते एवढंच म्हणाले, "मग आईला यात बसवायचं नाही." मला इतकी लाज वाटली, की वितळून जावंसं वाटलं.

ताईंनी माझ्या सांध्यांवर तडे दाखवणारा लाल रंग लावला. एकही तडा निघाला नाही. मग त्यांनी माझ्या अंगाला पट्टी लावून पाहिली. बाक सांध्यात नव्हताच, सांध्यापासून चार बोटं पुढे, कोऱ्या पत्र्यात होता. त्या पळतच वर गेल्या, पडद्यावर माझी कड मोठी करून पाहिली आणि कपाळावर हात मारला.

मामांना वर बोलावून त्यांनी खोडरबर वाकवून दाखवलं. "बघा, वरची बाजू ताणली जाते, खालची दबते. पण मी घेतलेले तुकडे चार कोपऱ्यांचे, सरळ कडांचे आहेत. अशा तुकड्यात सगळीकडे एकसारखाच ताण असतो. आणि तुमच्या पत्र्याच्या जाडीत असा एकच तुकडा बसलाय. तो एकाच वेळी ताणला आणि दाबला कसा जाणार? त्याला वाकताच येत नाही. प्रोग्रामने आपोआप भरले आणि मी घाईत तसेच ठेवले."

मग त्यांनी तुकड्यांची जात बदलली. आधी घेतले प्रत्येक कडेच्या मध्यावर आणखी एक गाठ असलेले, म्हणजे कडेला वळता यावं. उत्तर आलं नऊ. मग खास पातळ पत्र्यासाठीचे सपाट तुकडे घेतले. त्यांना जाडी फक्त आकड्याने सांगायची. तुकडे कितीतरी कमी, आणि उत्तर पुन्हा नऊ! नऊ लवचीकपणाचे आणि दोन माझ्या कायमच्या बाकाचे, झाले अकरा. आणि पडद्यावर लालभडक डाग कुठे उमटला होता? सांध्यापासून चार बोटं पुढे, जिथे मी वाकलो होतो नेमका तिथे.

पोलादाला शहारे येत नाहीत म्हणतात. मला आले, मित्रांनो. पोलाद तेच, भार तोच, मीही तोच. फक्त तुकड्याची जात बदलली, आणि माझ्या पोटातलं दुखणं या बाईंच्या पडद्यावर जसंच्या तसं उमटलं. तो अचंबा आजही ओसरलेला नाही.

ताई खाली वर्कशॉपमध्ये गेल्या आणि साहेबांसमोर, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वेल्ड पक्का आहे. तुकडे मी चुकीचे निवडले होते."

"चुकतं हो, ताई," मामा म्हणाले. "वजन टांगलं तेव्हा आई त्यात नव्हती, एवढं पुरे."

नवा आर्म सहा मिलिमीटरचा झाला, आतून आधाराची पट्टी लावलेला. टोक चार मिलिमीटर खाली जाईल असं ताईंनी सांगितलं, तो चारच वाकला आणि वजन काढताच सरळ झाला. मला थोडा हेवा वाटला. माझी रवानगी स्टोअरमध्ये झाली. आता मी दार उघडं राहावं म्हणून टेकवलेला असतो. रंग उडाला, गंज चढला, येताजाता कोणीही लाथ मारतं. वाईट वाटतं हो.

माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. उत्तर कितीही देखणं आलं तरी ते कुठल्या तुकड्यांनी दिलं हे विचारा, आणि माणूस बसवण्याआधी एकदा वजन टांगून बघा. माझ्यासारख्या वाकलेल्यांनाही लगेच भंगारात टाकू नका. आमच्याकडे सांगण्यासारखं असतं.

यंत्र घरी नेल्यावर दुसऱ्या दिवशी मामा माझ्याच दारात उभे राहून ताईंना सांगत होते. "आईला झोळीत बसवलं. वर उचलताना मी झोळीखाली दोन्ही हात धरून उभा होतो. तिचे डोळे उघडे होते, ताई. माझ्याकडे बघून म्हणाली, 'हात काढ रे. मी काय पडतेय का?'"

"मग?"

"मग काढले."